खजुराचं पांघरूण

भाईंदर पूर्वेतल्या एखाद्या सोसायटीच्या गच्चीवर पार्टी ठरली की मेन्यूच्या आधी मनाया ठरतात. कोण कांदा-लसूण खात नाही, कोणाला जमिनीखालचं काहीच चालत नाही, कोणाचा मार्गशीर्षातला गुरुवार आहे, कोणाला सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा नको, कोणाला हलालच लागतं. मग एखादे काका हे सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि 'आमचं काही नाही हो, आम्ही सगळं खातो' असं सांगून सगळ्यांच्या डोळ्यांवर येतात. एवढी यादी झाल्यावर जगात खाण्याजोगं जे काही उरतं, त्याला आपण स्टार्टर म्हणतो. बहुतेक वेळा ते पनीर असतं. पनीरला शत्रू नाही आणि खरं सांगायचं तर फारसे मित्रही नाहीत. पहिल्या दोन तुकड्यांनंतर लोक ते शेजारच्याच्या प्लेटमध्ये सरकवतात.

अशा या पनीरग्रस्त गच्चीवर खजूर आला तो माझ्या भाचीमुळे. ती परदेशात असते आणि तिकडच्या पार्ट्यांचे व्हिडिओ मला नेमाने पाठवते. त्यातल्या एकात बिया काढलेल्या खजुरात चीज भरलं होतं, त्याला बेकनची पट्टी गुंडाळून वर काडी टोचली होती आणि सगळं भट्टीत खरपूस भाजलं होतं. खाली तिने लिहिलं होतं, 'मावशी, कर ना थर्टी फर्स्टला!' मावशी कुठे राहते याचा या मुलीला तिकडे गेल्यापासून विसर पडला आहे.

पदार्थ मात्र चांगल्या घराण्यातला आहे. राणी व्हिक्टोरियाच्या काळात इंग्रज साहेब लोक जेवणाच्या शेवटी, गोड खाऊन झाल्यावर, पुन्हा एक खारा घास घेत. त्यात बेकनमध्ये गुंडाळलेलं कालव असे, त्याचं नाव 'घोड्यावरचे देवदूत'. कालवाच्या जागी सुका आलुबुखार आला की तेच 'घोड्यावरचे सैतान' होत. स्पेनमध्ये खजुराच्या पोटात बदाम घालून त्याला बेकन गुंडाळतात आणि दारूच्या गुत्त्यात चार-चारच्या हिशेबाने समोर ठेवतात. गोड फळ, खारट पांघरूण आणि मधून घुसवलेली काडी असा हा ऐवज आहे. ज्याने तो पहिल्यांदा केला त्याच्या सोसायटीत कमिटी नसावी.

आमच्याकडे समोर कच्छी जैन भाभी, वरच्या मजल्यावर दोन मुसलमान कुटुंबं, तळमजल्यावर उत्तनच्या माहेरवाशीण आंटी आणि माझ्याच घरात देवरुखच्या सासूबाई. बेकनचा प्रश्न चर्चेला येण्याआधीच निकालात निघाला. आंटींनी तेवढ्यात 'माज्या घरी मी करन गो बाय, तू तुजा कर' अशी समंजस फाळणी सुचवली आणि वेगळी कढई, वेगळा चिमटा, वेगळी प्लेट हेही आपणहून सांगून टाकलं. म्हणजे खजुराला कोणाची हरकत नव्हती, अडचण फक्त त्याच्या पांघरुणाची होती. मला तर वाटतं, या जातीच्या सगळ्या पदार्थांत आतलं फळ हा तपशील असतो. कोण खाणार आणि कोण मान वळवणार, ते वरची गुंडाळी ठरवते.

तेव्हा बेकन त्या खजुराला नक्की देतं तरी काय, ते आधी पाहिलं. मीठ देतं, तूप सुटतं तशी चरबी देतं, कुरकुरीतपणा देतं आणि आतलं चीज बाहेर पळू देत नाही. यातलं मीठ सगळ्यांत महत्त्वाचं. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या ब्रेस्लिन आणि बोशां या दोघांनी 1997 साली 'नेचर'मध्ये दाखवून दिलं होतं की मीठ कडवटपणाला दाबतं आणि तो दबला की मागे लपलेली गोडी पुढे येते. सासूबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या पुरणपोळीची कणीक मळत होत्या. त्यांनी कणकेत मीठ टाकलं, शिजलेल्या पुरणातही चिमूटभर टाकलं आणि 'बरं झालं त्यांनाही कळलं' एवढंच म्हणाल्या.

मिठाच्या बाबतीत भाईंदरला कोणी शिकवायला नको. लोकलने आलात तर रुळांच्या कडेने मिठागरांचे चौकोन अजून दिसतात. इमारती उभ्या राहण्याच्या आधी या गावाची ओळख मीठच होती. भरतीचं पाणी आत घ्यायचं, वाफ्या-वाफ्यांतून फिरवायचं आणि बाकीचं काम उन्हावर सोडायचं. खजूर वाळतो तोही उन्हातच. पाणी उडून गेलं की मागे राहणारी वस्तू टिकते, हा दोन्हीकडचा धंदा एकच. फरक इतकाच की एकाच्या मागे साखर उरते. वाळलेल्या खजुरात वजनाच्या निम्म्याहून बरीच जास्त साखर असते. त्यामुळे त्याला मीठ भेटेपर्यंत तो एकसुरी लागतो, कौतुक ऐकत मोठ्या झालेल्या मुलासारखा.

बेकनच्या जागेसाठी पहिली उमेदवारी आली ती घरातूनच. सासूबाई म्हणाल्या, 'अगं, ही तर आपली अळुवडी. चिंच-गुळाच्या जागी खजूर घाल, झालं.' त्यात दम होता. अळूचं पान, आत आंबट-गोड-तिखट, बाहेरून तळून कुरकुरीत. बेकन काढून टाकलं तर आपण पिढ्यानपिढ्या हेच करत आलो आहोत. पुढे जाऊन त्यांनी विड्याचाही दाखला दिला. पान घ्यायचं, आत सुकं खोबरं, खारीक, बडीशेप भरायची, घडी घालायची आणि ती सुटू नये म्हणून लवंग टोचायची. टूथपिक खाता येत नाही, लवंग खाता येते, एवढा आपला विचार पुढे गेलेला होता. मी नागवेलीचं पान खरंच गुंडाळून पाहिलं. खजूर आणि मिरी घातलेलं पनीर आत, वर लवंग. चव छान होती, पण जेवणाच्या सुरुवातीलाच विडा खाल्ल्यामुळे पाहुणे चपला शोधू लागतील अशी भीती वाटली.

अळूवर पाणी पडलं ते पंचांगाचं. समोरच्या भाभींनी समजावलं की फागण सुद चौदशीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत त्यांच्याकडे पालेभाजी बंद आणि त्याच दिवसापासून खजूर-खारीकही बंद. म्हणजे पान आणि फळ दोन्ही एकाच दिवशी सुट्टीवर जातात आणि आठ महिन्यांनी एकाच दिवशी कामावर येतात. होळीच्या सुमाराला गुजराती घरांतून धाणी-खजूर का खातात, याचा मला त्या दिवशी थोडा उलगडा झाला. दार बंद व्हायच्या आधी शेवटचा हात मारून घेणं ही तशी सर्वधर्मीय वृत्ती आहे. थर्टी फर्स्ट मात्र मोकळ्या चार महिन्यांत येतो, तरी अळूचा धीर काही झाला नाही. अंजीर घालू का म्हणून विचारलं तर भाभी दचकल्या. इतक्या बिया! जर्दाळू चालेल म्हणाल्या. जर्दाळूची मला आधीपासूनच ओढ आहे. पारशी लोक मटणात तो शिजवून वर बटाट्याच्या कुरकुरीत सळ्या पसरतात. गोड-खारटाच्या लग्नातलं इतकं सुखी जोडपं मी दुसरं पाहिलेलं नाही. पण मटणही आलं आणि बटाटाही आला, म्हणजे गच्चीचे दोन्ही कठडे एकदम कोसळले.

मग कच्च्या केळ्याचा उतारा काढून पाहिला. लांब, पातळ काप करायचे, मीठ-मिरी लावून जरा वाफवायचे आणि खजुराभोवती वळायचे. जैन स्वयंपाकघरात बटाट्याचं बदली काम कच्चं केळंच करतं, त्यामुळे ते सर्वांना मान्य होतं. वळताना मात्र काप मोडायचे. मोडले नाहीत ते तळताना उलगडायचे, आणि जे यातून तरले त्यांची चव केळ्याच्या भजीची यायची. भजी वाईट नसते. पण भजीच करायची तर खजुराला एवढा त्रास कशाला?

शेवटी मैदान मारलं ते पापडाने. आणि एकदा तो सुचल्यावर इतका उघड वाटला की बेकन हा पापडाचाच विलायती अवतार असावा, असं मी दिवसभर म्हणत होते. उडदाच्या पापडात मीठ आहे, पापडखार आहे, हिंग आहे, भरडलेली मिरी आहे. तो पातळ आहे, तळला की फुलतो, कुरकुरतो. आणि मुख्य म्हणजे त्याच्याविरुद्ध कोणत्याही मजल्याची तक्रार नाही. गिरगावातल्या सात बायकांनी 1959 साली मार्चमध्ये ऐंशी रुपये उधार घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले, त्यातून लिज्जत उभी राहिली. आमच्याकडे गच्चीवर काही करायचं म्हटलं की आधी कमिटीची परवानगी लागते. बरं झालं, त्यांच्या वेळी ती भानगड नव्हती.

कृती अशी: पापड कात्रीने आडवे तीन पट्ट्यांत कापायचे. पट्टी पाण्यातून नुसती काढायची, बुडवून ठेवायची नाही. अर्ध्या मिनिटात ती कापडासारखी लवचिक होते. जास्त भिजली तर हातात उडदाचं पीठ राहतं. खजुराची बी काढून त्यात चीज, भरडलेला बदाम आणि हिरव्या मिरचीचा एक कण भरायचा. मिरची विसरू नये, गोड आणि खारट दोघंच असले तर गप्पा लवकर संपतात. पट्टी घट्ट वळून तिचं टोक खालच्या अंगाला ठेवायचं. ओला पापड स्वतःला आपोआप चिकटतो, काडीची गरज पडत नाही. दोन मिनिटं वाऱ्यावर ठेवून कडक तापलेल्या तेलात सोडायचं. पापड फुलायला काही सेकंद लागतात, तेवढ्यात बाहेर काढायचं. आतला खजूर नुसता कोमट होतो आणि चीज वितळायच्या बेतात येतं. एअर फ्रायरमध्येही होतं म्हणतात. होतं, पण पापडाला तेल भेटत नाही आणि तो रुसलेला दिसतो.

याचा एक दोष सांगायलाच हवा. खजुराला थोडा ओलावा असतो आणि पापडाला ओलावा सहन होत नाही. तळल्यापासून पाच-सात मिनिटांत खाल्लं तर स्वर्ग, नंतर ते दमट बिस्किटाच्या वाटेने जातं. त्यामुळे करणारी बाई पूर्णवेळ कढईपाशी उभी राहते आणि गच्चीवरून फक्त रिकाम्या प्लेटा खाली येतात. वर कोणी 'वहिनी, तुम्हीही या ना' म्हणतं, तेही पुढची प्लेट घेताना.

खजूर कोणता घ्यावा, यावर स्टेशनबाहेरचे दुकानदार मनापासून सल्ला देतात आणि प्रत्येकाचा सल्ला त्याच्याकडे उरलेल्या मालाशी जुळतो. डब्यातला इराणी कीमिया चवीला लोण्यासारखा, पण भरायला गेलं की बोटांनाच चिकटून बसतो. पाकिटातला दाबलेला काळा खजूर चटणीसाठी जन्माला आला आहे, त्याला भेळेवाल्याकडेच राहू द्यावं. गुंडाळायला जरा कणखर साल हवी, आणि पैसे असतील तर मेडजूल. तो मूळचा मोरोक्कोचा. तिथल्या झाडांना रोगाने घेरलेलं असताना 1927 साली एका अमेरिकन शास्त्रज्ञाने त्याची अकरा पिलं आपल्या देशात नेली. ती आधी नेवाडाच्या वाळवंटात एकांतवासात ठेवली गेली आणि त्यांतली नऊ जगली. अमेरिकेतल्या मेडजूलच्या बागा त्या नवांच्या वंशातल्या. एवढ्या संकटातून वाचलेल्या कुळाला मी भाईंदरमध्ये आणून उकळत्या तेलात सोडते, याचं कधी कधी वाईट वाटतं. भाभींना मेडजूलचं काही कौतुक नाही. त्यांच्या मते खरं फळ म्हणजे मुंद्र्याकडची पावसाळ्याच्या तोंडाशी येणारी पिवळी-लाल ओली खारेक. 2024 साली कच्छी खारेकेला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्यांनी मजल्यावर पेढे वाटले होते. खारेकेऐवजी पेढे, कारण तेव्हा जानेवारी होता आणि झाडावर काही नव्हतं.

या सगळ्या इराण-मोरोक्कोच्या गडबडीत आपल्या खाडीपलीकडे काय आहे, ते मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. भाईंदरहून विरारकडची गाडी पकडा. पुलावर लोक निर्माल्याच्या पिशव्या पाण्यात भिरकावतात, तेव्हा खिडकीपासून जरा लांब बसा. मग नायगाव, वसई, नालासोपारा आणि विरार. विरारच्या पश्चिमेला आगाशी. तिथली सुकेळी ही आपल्या भागातली सुक्या मेव्याची खरी वस्तू. राजेळी नावाचं लांबट, जाडसर केळं पिकवायचं, सोलायचं आणि दिवसांमागून दिवस उन्हात वाळवायचं, संध्याकाळी आत घ्यायचं, सकाळी पुन्हा बाहेर. ऊन कडक हवं, आभाळ स्वच्छ हवं, म्हणून पावसाळ्यात हे काम नाही. पाणी उडत जातं तसं केळं आक्रसतं, मधाच्या रंगाचं होतं, मग तपकिरी. चावलं की दाताखाली चिवट आणि आत मऊ. वर साखर घालायची नाही, केळ्याची स्वतःचीच पुरते. आणि शेवटी ही सुकेळी केळीच्याच वाळक्या पानात गुंडाळून विकायची. 1882 साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही आगाशीच्या सुक्या केळ्यांची नोंद आहे, म्हणजे इंग्रजांच्या कारकुनांनीही ती चाखली असणार. चाखल्याशिवाय कारकून नोंद करत नाही.

मला या सुकेळीचं नवल वाटतं ते तिच्या बांधणीचं. आपण खजुरासाठी पांघरूण शोधत अर्धं पंचांग पालथं घातलं आणि इथे झाडाने फळही दिलं आणि गुंडाळीही दिली. पान काही खायचं नसतं, त्यामुळे त्यावर कोणाची हरकत असण्याचा प्रश्नच नाही. ते उलगडून बाजूला ठेवलं की आतली वस्तू भाभींनाही चालते, आंटींनाही, वरच्या मजल्यांनाही आणि एकादशीला सासूबाईंनाही. आता हे काम करणारी घरं मोजकीच उरली आहेत. राजेळीच्या बागांच्या जागी इमारती आल्या, आणि ज्यांच्याकडे बागा आहेत त्यांच्या मुलांना आठवडाभर केळ्यांची राखण करायला वेळ नाही. त्यात त्यांची चूक मला दिसत नाही. आठवडाभर आभाळाकडे बघत बसून जे पैसे मिळतात, त्यात भाईंदरमध्ये मेंटेनन्सही भरला जात नाही.

सुकेळीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून, मध्ये चिरा देऊन, त्यात खारे शेंगदाणे आणि लिंबू पिळलेली मिरची भरली आणि पापडाची पट्टी वळली. आणि खरं सांगते, खजुराची सद्दी संपली. केळ्यात खजुराइतकी चिकट गोडी नाही. त्याला किंचित आंबूस अंग आहे आणि ते पापडातल्या हिंगाशी फार छान बोलतं. शिवाय सुकेळी खजुरापेक्षा कोरडी असल्यामुळे पापड जास्त वेळ तग धरतो. म्हणजे कढईपाशी उभ्या बाईला एकदा तरी गच्चीवर जाऊन यायला मिळतं.

पार्टी अर्थातच साडेपाचला सुरू झाली. डिसेंबरअखेर मुंबईत सव्वासहाच्या आत सूर्य मावळतो आणि चौविहार पाळणाऱ्यांना त्याआधी पानावरून उठायचं असतं. नववर्षाचं स्वागत एवढ्या उजेडात करणारी आमची सोसायटी जगातली पहिली नसेल, पण भर उन्हात लावलेल्या त्या रंगीत माळा बघून रस्त्यावरचे लोक थबकत होते. पहिली फेरी भाभींच्या मंडळींची, दुसरी मुलांची. मुलांनी आतलं काढून फक्त पापड खाल्ला. नंतर 'आम्ही सगळं खातो' वाल्या काकांची फेरी, ती बराच वेळ चालली. अंधार पडल्यावर आंटी आपली झाकलेली प्लेट घेऊन आल्या आणि गच्चीच्या पलीकडच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीमागे, त्यांचं वेगळं दुकान मांडलं गेलं. तिथे कोण कोण जाऊन आलं, ते मी बघितलं नाही. कढईकडे बघत होते.

पदार्थ कोणाचा, यावर मात्र वाद झाला. भाभी म्हणाल्या, पापड अमारा. सासूबाई म्हणाल्या, कल्पना अळुवडीची. वरच्या मजल्यावरचे चाचा म्हणाले, खजूर तर आमच्या इफ्तारचा. आंटींनी सगळं ऐकून घेतलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की पुढच्या खेपेला त्या माहेरहून सुके बोंबील आणणार आहेत. भाजून, कुस्करून, चिंच लावून खजुराच्या पोटात भरले तर काय लागेल, विचार कर. मी केला. विचार वाईट नव्हता. उत्तनला बोंबील वाळतात त्याच उन्हात पलीकडे केळी वाळतात, तर ओळख करून द्यायला हरकत काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरीसाहेबांची सूचना आली: गच्चीवर, विशेषतः टाकीमागे, टूथपिक सापडल्या आहेत, सभासदांनी कृपया नोंद घ्यावी. पापडाच्या गुंडाळीला काडी लागत नाही, हे मी त्यांना खाजगीत सांगणार होते. तेवढ्यात आंटींनी ग्रुपवरच विचारलं की गच्चीवर बोंबील भाजायला परवानगी कोणाची घ्यायची. त्यावर सेक्रेटरीसाहेब दुपारपर्यंत टाइप करत राहिले आणि शेवटी विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत, 'आयत्या वेळी येणारे विषय' या सदराखाली, घेण्यात येईल असं कळवलं.